गणिताची भिंत, दोन गाईड आणि खाजनाचा बांध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र एकत्र घेऊन पीएचडी करायला काय लागतं, या माझ्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात देतो. पहिला: गणिताची भिंत उभी करून मी गोव्यातल्या राज्यशास्त्राच्या मुलांना दारातूनच परत पाठवतोय, कारण ‘राजकारण माणसांचं असतं, समीकरणांचं नसतं’. दुसरा: दोन विषयांचे दोन गाईड घेतले की झाली संयुक्त पीएचडी, त्याचा एवढा बाऊ कशाला? तिसरा: दोन शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध स्वीकारत नाहीत, ही महत्त्वाची अट मी सांगितलीच नाही. चौथा: माझी सगळी उदाहरणं अमेरिकेतली होती. आणि शेवटी तुम्ही तुमच्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहिलंत. राज्यशास्त्रात एमए, ५८ टक्के, खाजन जमिनींवर (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींवर) काम करायची इच्छा. माझा लेख वाचून तिने अर्जच भरला नाही.

ती शेवटची ओळ मला सर्वांत जास्त लागली. म्हणून हे उत्तर तिला समोर ठेवूनच लिहितो.

चौथा आक्षेप पूर्ण मान्य आहे. पहिला अर्धा मान्य आहे. ‘गणित नको असेल तर हा विचार सोडा’ असं मी लिहिलं होतं, ते चूक होतं आणि मूळ लेखातून मी ते वाक्य काढलं आहे. ते चूक आहे हे सांगायला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं एक नाव पुरेसं आहे. त्यांना लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्थशास्त्रातच डॉक्टरेट करायची होती; पण आधी त्रिकोणमितीसुद्धा शिकलेल्या नव्हत्या म्हणून ते दार बंद झालं. मग त्यांनी राज्यशास्त्रात प्रवेश घेतला, भूजल लोक आपसांत कसं वाटून घेतात यावर १९६५ साली प्रबंध पूर्ण केला, आणि २००९ साली त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. पण ही गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. पुढे त्या जर्मनीत बीलेफेल्डला राइनहार्ट झेल्टन यांच्याकडे गेल्या आणि गेम थिअरी, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित, शिकल्या. गणित टळलं नाही, फक्त उशिरा आलं, आणि आलं तेव्हा ते कशासाठी हवंय हे त्यांना माहीत होतं. तेव्हा माझं दुरुस्त वाक्य असं: गणित लागतं, पण किती आणि कोणतं हे प्रश्नावर ठरतं, आणि ते प्रवेशाच्या आधीच सगळं हवं असा नियम सगळीकडे नाही.

‘समीकरणांचं नसतं’ हे मात्र मला पटत नाही, आणि का ते गोव्याच्याच विधानसभेवरून सांगतो. घटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, परिशिष्टातल्या चौथ्या परिच्छेदानुसार विधिमंडळ पक्षाच्या किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी विलीनीकरणाला संमती दिली तर त्यांना अपात्रतेतून संरक्षण मिळतं. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. पंधराचे दोन-तृतीयांश म्हणजे बरोबर १०. अकराचे ७.३३, म्हणजे माणसं मोजायची तर ८. दोन्ही वेळा आकडा नेमका उंबरठ्यावर येऊन थांबला. एकही जास्त नाही.

वर्तमानपत्र वाचणाऱ्याला हा योगायोग वाटेल. हा विषय शिकलेल्याला इथे प्रश्न दिसतो. सात जण तयार असले तर सातही जणांची आमदारकी धोक्यात. आठवा आला की आठही सुरक्षित. म्हणजे प्रत्येकाचा निर्णय इतरांच्या निर्णयावर अवलंबून, आणि संतुलनं (एकट्याने निर्णय बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशा स्थिती) दोन: कोणीच हलत नाही, किंवा पुरेसे एकदम हलतात. मग आठच का, नऊ का नाहीत? कारण मिळणारं मर्यादित आहे. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा आकार सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणला, पण लहान राज्यांसाठी किमान १२ची सवलत ठेवली. गोव्यात ४०चे १५ टक्के म्हणजे ६. सवलतीमुळे मुख्यमंत्र्यांसह १२. बहुमत २१ वर. बहुमतातल्या निम्म्याहून अधिक आमदारांना मंत्रिपद देता येतं असं हे सभागृह आहे. वाटणारे वाढले की वाटा कमी होतो, म्हणून आघाडी गरजेपुरतीच मोठी राहते, हे अनुमान विल्यम रायकर यांनी १९६२ साली मांडलं होतं. याच ९१व्या दुरुस्तीने एक-तृतीयांश फुटीची जुनी पळवाट बंद केली. म्हणजे अकराच्या गटात आधी ४ पुरत होते, नंतर ८ लागू लागले. नियम बदलला की फुटणाऱ्या गटांचा आकारही नव्या उंबरठ्याकडे सरकायला हवा. हे तपासता येणारं विधान आहे.

आता राज्यशास्त्र कुठे लागतं ते बघा. अपात्रतेच्या अर्जावर आधी निर्णय सभापती देतो, आणि किती दिवसांत द्यायचा याची मुदत परिशिष्टात नाही. शिवाय राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवणं हा विलीनीकरणाबाहेरचा रस्ता आहेच. हे दोन्ही ज्याला ठाऊक नाही तो अर्थशास्त्रज्ञ सुंदर मॉडेल मांडेल आणि सगळी पक्षांतरं एकाच रकान्यात भरून चुकीचं उत्तर काढेल. उलट ज्याला फक्त परिशिष्ट पाठ आहे त्याला आठच का हा प्रश्नच पडणार नाही. संयुक्त पदवीचं कारण एवढंच. दोन्ही विषय अर्धे-अर्धे घेऊन चालत नाही. एका प्रश्नापुरते तरी दोन्ही पूर्ण यावे लागतात.

आता त्या प्रश्नापुरतं गणित किती? वरच्या पक्षांतराच्या कामाला समजून घेण्यापुरतं कॅल्क्युलस, संभाव्यता, नॅश संतुलन (वर सांगितलेलं संतुलन ते हेच), अपुऱ्या माहितीचे खेळ, आणि मोजमापासाठी रिग्रेशन, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीशी किती संबंध आहे हे आकडेवारीतून काढण्याची पद्धत. नवं प्रमेय सिद्ध करायचं असेल तर मात्र रिअल अॅनालिसिस (कॅल्क्युलसमागचं सिद्धतांचं गणित) आणि स्थिरबिंदू प्रमेयांशिवाय गत्यंतर नाही. शिकण्याचा क्रम मी सांगेन तो असा: एका चलाचं कॅल्क्युलस, मग रेषीय बीजगणित, मग अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि लाग्रांज पद्धतीचं इष्टतमीकरण, मग संभाव्यता व सांख्यिकी, आणि नंतर गेम थिअरी. रोज दोन तास दिले तर साधारण सव्वा वर्ष. राज्यशास्त्राची मुलं हमखास एक चूक करतात: गेम थिअरीपासून सुरुवात. कैद्यांची कोंडी, उलट दिशेने विचार, इथपर्यंत गाडी छान चालते, कारण तिथे बेरीज-वजाबाकीच आहे. मिश्र डावपेच आले की संभाव्यता लागते, सतत पर्याय आले की अवकलन लागतं, आणि मग ‘आपल्याला जमत नाही’ असा गैरसमज होतो. जमत नाही असं नसतं, मधल्या दोन पायऱ्या राहिलेल्या असतात. कॉलेजात गणिताचा पेपर नव्हता त्यांनी स्वयम-एनपीटीईएलचे बारा आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स करावेत, आणि केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा द्यावी. नुसते व्हिडिओ बघितल्याचा कागद कुठे दाखवता येत नाही, गुणांचा येतो.

परदेशातला भाग थोडक्यात, कारण त्यावर मूळ लेखात बरंच आलं आहे. दोन विषय एकाच छताखाली असलेले कार्यक्रम मोजके: कॅलटेकची सामाजिक विज्ञानातली पीएचडी, हार्वर्डची अर्थशास्त्र आणि शासनशास्त्र या दोन विभागांनी मिळून चालवलेली राजकीय अर्थव्यवस्था व शासन ही पदवी, स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमधली राजकीय अर्थशास्त्राची शाखा. मिशिगनमध्ये सार्वजनिक धोरणाला अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्राची जोड देता येते. अशा ठिकाणी साधारणपणे पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र आणि अर्थमिती (आकडेवारीवर दावे तपासण्याचं शास्त्र) अर्थशास्त्राच्या पीएचडीवाल्यांच्याच तोडीची, त्याला जोडून राजकारणाची औपचारिक मॉडेल्स, मग पात्रता परीक्षा, मग प्रबंध. एकूण पाच-सहा वर्षं. जीआरई या प्रवेशपरीक्षेच्या गणिताला घाबरू नका आणि त्यावर विसंबूही नका: ते शालेय पातळीचं आहे, त्यात पूर्ण गुण मिळाले म्हणून रिअल अॅनालिसिस येतं असं समिती मानत नाही. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर नुसतं ‘पेपर ४’ छापलेलं असतं. सोबत अभ्यासक्रमाचं पान जोडा, नाहीतर तुम्ही घेतलेली अर्थमिती त्यांना दिसणारच नाही. तीन शिफारसपत्रांपैकी एक तरी तुमचं संख्यात्मक काम जवळून बघितलेल्या शिक्षकाचं असावं. अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरात, आणि आलेल्या प्रस्तावाला होकार-नकार साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत.

आता तुमचा दुसरा आक्षेप, दोन गाईडचा. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण मुलांची वर्षं वाया जातात ती इथेच.

गोवा विद्यापीठात अर्थशास्त्र गोवा बिझनेस स्कूलमध्ये आहे आणि राज्यशास्त्र डी. डी. कोसंबी सामाजिक विज्ञान व वर्तनशास्त्र विद्याशाखेत. ताळगावच्या एकाच पठारावर, पण दोन वेगळ्या घरांत. पीएचडीची नोंदणी एका विषयात होते आणि पदवीवर तोच विषय येतो. नोंदणी कुठे, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. आंतरविद्याशाखीय विषयासाठी दुसऱ्या विभागाचा किंवा दुसऱ्या संस्थेचा सह-मार्गदर्शक घेता येतो, हे तुमचं बरोबर आहे. पण सह-मार्गदर्शकाचं नाव ही सोय झाली. प्रशिक्षण त्याने आपोआप होत नाही.

पायऱ्या क्रमाने सांगतो. पात्रता: यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के; राखीव व सवलतीच्या गटांना ५ टक्क्यांची सूट. तुमची विद्यार्थिनी ५८ वर आहे, म्हणजे पात्रच आहे. मग नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. २०२४पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापकपद व पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. शेवटच्या दोन गटांतल्यांना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि हे गुण एकच वर्ष चालतात. परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न, ३०० गुण, चुकीला वजावट नाही. अर्थशास्त्राचा विषय क्रमांक ०१, राज्यशास्त्राचा ०२. दोन्हींचा मिळून तिसरा क्रमांक नाही. म्हणून निवड अर्ज भरतानाच करावी लागते, आणि ती ज्या विषयात एमए आहे तिकडेच करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे प्राध्यापकपदाच्या जाहिरातीत ‘संबंधित विषय’ असा शब्द असतो. एमए राज्यशास्त्रात, नेट राज्यशास्त्रात आणि पीएचडी अर्थशास्त्रात असली की छाननी समितीपुढे प्रत्येक वेळी खुलासा करत बसावं लागतं. १ जुलै २०२३पासून सहायक प्राध्यापकपदाला नेट किंवा सेट (तशीच राज्य पातळीवरची परीक्षा) ही किमान अट झाली आहे, नुसती पीएचडी त्याची जागा घेत नाही. गोव्याच्या मुलांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेली महाराष्ट्र-गोवा सेटही चालते.

गाईड शोधताना आधी जागा विचारा. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६, सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेले नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. सह-मार्गदर्शक नोंदणीच्या वेळीच ठरवा. तिसऱ्या वर्षी नाव जोडलं की ती व्यक्ती प्रबंधावर सही करते, पण प्रश्नाची मांडणी तिच्या हातून गेलेली असते.

कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा. उरलेल्यात दुसऱ्या विभागाचा एक तरी खरा पेपर मिळवणं, ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सूक्ष्म अर्थशास्त्र किंवा अर्थमिती, एमएच्या वर्गात बसून, परीक्षेसह. त्यासाठी संशोधन सल्लागार समितीच्या पहिल्याच बैठकीत लेखी मागणी करा. पहिलं सत्र उलटलं की वेळापत्रक ठरून गेलेलं असतं. हे केलं नाही तर काय होतं? प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. नोंदणी एका विषयाची, म्हणून दोन्ही परीक्षक त्याच विषयाचे निवडले जाण्याकडे कल असतो. मग राज्यशास्त्राचा परीक्षक विचारतो की हे आकड्यांचे तक्ते इतके कशाला. किंवा एखादा अर्थशास्त्राचा आलाच तर विचारतो की कार्यकारणभाव कुठे सिद्ध केलात. दोघांनाही उत्तर देण्याची तयारी कोर्सवर्कमध्येच होऊ शकते, व्हायवाच्या आदल्या महिन्यात नव्हे. सिनॉप्सिसच्या शीर्षकात आणि पद्धतीच्या प्रकरणात दोन्ही विषय स्पष्ट आले, तर परीक्षकांची यादी करतानाही गाईडला आधार मिळतो.

मुदत किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. फेरनोंदणीने आणखी दोन. महिलांना त्यावर आणखी दोन, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००.

तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर छोटं आहे. तुम्ही म्हणता त्याच्या जवळची अट २०१६च्या नियमांत होती, पण दोन निबंधांची नव्हे: एक शोधनिबंध आणि परिषदांतली दोन सादरीकरणं. २०२२च्या नियमांत ती देशभराची सक्ती उरली नाही. विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून ज्या वर्षी नोंदणी त्या वर्षीचा अध्यादेश वाचायचा. छापण्याची घाई करून पैसे घेणाऱ्या नियतकालिकात निबंध देऊ नका, एवढं मात्र कळकळीने सांगतो. ते नाव आयुष्यभर बायोडेटावर राहतं.

गोव्यातल्या आकडेवारीबद्दल एक इशारा, कारण तुमचे इतर विद्यार्थीही हे वाचतील. खाणबंदीवर पीएचडी करावी असं बऱ्याच जणांना वाटतं: सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ची बंदी, खाणपट्ट्यातले तालुके आणि बाकीचे तालुके, आधी आणि नंतर. दिसायला सोपी तुलना. पण तालुके बाराच. त्यातले खाणींचे चार-पाच. इतक्या कमी गटांवर नेहमीच्या प्रमाण त्रुटी (अंदाज किती चुकू शकतो याचं माप) खोटा आत्मविश्वास देतात. त्याऐवजी वाइल्ड बूटस्ट्रॅप किंवा क्रमबदल चाचणी अशा, कमी गटांसाठीच्या पद्धती वापराव्या लागतात. त्यातला धारबांदोडा २०११च्या जनगणनेत स्वतंत्र तालुका नाही, तेव्हा गावपातळीवरून जुळवणी करा. खाणपट्ट्यातल्या डिचोलीचा ट्रकवाला खाणी नसलेल्या बार्देशात टॅक्सी चालवायला लागला, तर तुलनेचा तालुकाही बंदीने बदललेला असतो. आणि ७ फेब्रुवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, म्हणजे धक्के दोन आहेत, एक नाही.

आता तुमची विद्यार्थिनी. तिचा विषय या सगळ्यांत मला सर्वांत चांगला वाटतो, आणि त्यासाठी प्रमेयं सिद्ध करायची गरज नाही. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीखालची शेतजमीन. बांध खारं पाणी अडवतो आणि मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं ओहोटीला पाणी बाहेर सोडतात. मानशीवरच्या मासळीचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो. ज्याने तो घेतला त्याला खारं पाणी आत यायला हवं असतं, भात पेरणाऱ्याला ते नको असतं. बांध फुटला तर नुकसान सगळ्यांचं, दुरुस्तीचा खर्च करायला पुढे कोण येणार हा प्रश्न. पूर्वी ही जबाबदारी कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था, सांभाळत असे. १९६४च्या कूळ कायद्यानंतर आणि १९७५च्या नियमांनी ती कुळांच्या संघांकडे आली, देखरेख मामलेदाराची. ऑस्ट्रॉम यांनी जगभर शोधलेला प्रश्न हा: सामाईक साधन कुठे टिकतं, कुठे मोडतं, आणि नियम कोण करतं त्यावर ते किती अवलंबून असतं.

तिला लागणारं गणित: पुनरावृत्त खेळांचा एक धडा, लिलावाचा प्राथमिक सिद्धांत, आणि रिग्रेशन. एक सत्र नीट दिलं तर होतं. तिच्याकडे आधीच असलेलं, आणि अर्थशास्त्राच्या मुलाला शिकायला वर्षं लागतील असं: गावात जाऊन संघाचं इतिवृत्त मागण्याची, कोकणीत बोलून ते समजून घेण्याची क्षमता. कोमुनिदादचे जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, तेव्हा पोर्तुगीज वाचण्यापुरती शिकायला आजच सुरुवात करावी. त्याला गणितापेक्षा जास्त वेळ लागेल.

तिला सांगा, नोंदणी राज्यशास्त्रात, सह-मार्गदर्शक अर्थशास्त्राचा, आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर एकच प्रश्न: एकाच नदीकाठच्या दोन शेजारी गावांत, एकाच कायद्याखाली, एकाचा बांध वर्षात दुरुस्त होतो आणि दुसऱ्याचा होत नाही, ते का? गावांच्या अशा चार-पाच जोड्या या पावसाळ्यानंतर तिने प्रत्यक्ष बघून याव्यात, मानशीची पावणी कोणी घेतली आणि संघाची शेवटची बैठक कधी झाली हे दोन रकाने भरावेत. तो कागद घेऊन ती मुलाखतीला बसली तर गणिताबद्दलचा प्रश्न तिला विचारला जाईल तेव्हा तिच्याकडे उत्तर असेल. प्रस्तावाचा मसुदा तयार झाला की तुमच्यामार्फत पाठवायला सांगा, मी ओळ न ओळ वाचून अभिप्राय देईन.